रोजची गोळी की सहामाही इंजेक्शन?
एचआयव्ही टाळणारी रोजची गोळी 2012 पासून आहे आणि जेनेरिकमुळे स्वस्तही. अडचण घरातली. म्हापशात एकत्र कुटुंबात कपाटातली डबी खुळखुळली की ‘कसलं रे हे औषध?’ सुरू. मग गोळ्या चुकतात, संरक्षण घटतं.

लेनाकापाविर हे इंजेक्शन वर्षातून दोनदा, पोटाच्या कातडीखाली. सुरुवातीला दोन दिवस गोळ्याही. टोचल्या जागी गाठ राहू शकते, पण ती कोण बघतंय! ‘पर्पज 1’ चाचणीत इंजेक्शन घेतलेल्या 2134 स्त्रियांपैकी एकीलाही लागण झाली नाही. अमेरिकेत वर्षाला 28 हजार डॉलरांच्या वर. जेनेरिक मात्र 2027 पासून 120 देशांत साधारण 40 डॉलरांना येणार आहे. ज्या ब्राझीलमध्ये चाचण्या झाल्या, तोच यादीबाहेर, हे खटकतं.

एचआयव्ही तपासणी दोन्हींआधी हवीच. माझी पसंती इंजेक्शनला, ते स्वस्तात मिळेपर्यंत गोळी.