ग्राफाइट की मॉलिब्डेनम डायसल्फाइड? आधी हवा बघा

तांब्यात किंवा ब्राँझमध्ये घन वंगण (तेलाऐवजी घर्षण कमी करणारी भुकटी) मिसळून केलेल्या बुशला, म्हणजे दांडा ज्यात फिरतो त्या नळीसारख्या बेअरिंगला, तेल लागत नाही. ग्राफाइटवाल्याला दमट हवा मात्र लागते, कारण त्याचे थर सहज सरकतात ते बाष्पामुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उंचावरच्या विरळ, कोरड्या हवेत विमानांच्या जनरेटरमधले ग्राफाइटयुक्त कार्बन ब्रश (फिरत्या भागाला टेकून वीज वाहून नेणारे ठोकळे) बघता बघता झिजून भुकटी व्हायचे. जमिनीवर तेच ब्रश व्यवस्थित चालत.

मॉलिब्डेनम डायसल्फाइड या दुसऱ्या घन वंगणाचं नेमकं उलटं. निर्वातात त्याचा घर्षणांक ०.०५ च्या आसपास किंवा त्याहून कमी, दमट हवेत तो वाढतो आणि झीजही वाढते. उपग्रहासाठी हेच घ्यावं. पण जमिनीवरची चाचणी कोरड्या नायट्रोजनमध्ये करावी, नाहीतर उड्डाणाआधीच आयुष्य खर्ची पडायचं. पावसाळी हवेत उघड्यावर चालणाऱ्या यंत्राला मी ग्राफाइटच देईन.