व्हॅलेंटाइनसाठी घरचं चॉकलेट: साच्यातलं कंपाउंड, टेंपर केलेलं अस्सल, ट्रफल की स्ट्रॉबेरी?

९ फेब्रुवारीचा चॉकलेट डे असो की १४ तारखेचा व्हॅलेंटाइन, घरी चॉकलेट करायचं मनात आलं की पावलं आधी साच्यांच्या दुकानाकडे वळतात. पुण्यात रविवार पेठ, मुंबईत क्रॉफर्ड मार्केट. हार्टचे साचे, लाल-सोनेरी चांदीचा कागद, खिडकीवाले खोके, सगळं तिथे मिळतं आणि पिशवी भरते. पण त्याआधी एक गोष्ट ठरवून घ्या: हे चॉकलेट त्या माणसाच्या हातात कधी आणि कसं पोचणार आहे? त्याच संध्याकाळी घरातल्या टेबलावर? शिवनेरीनं पुण्याहून दादरला? की कुरिअरनं नागपूरला? कोणता प्रकार करायचा याचं निम्मं उत्तर इथेच मिळतं. उरलेलं निम्मं तुमच्या हाताशी किती वेळ आहे यावर.

घरी करण्याजोगे मुख्य प्रकार चार. कंपाउंडची साच्यातली चॉकलेटं, अस्सल चॉकलेट टेंपर करून (म्हणजे ठरावीक तापमानांना वितळवून, गार करून) केलेली साच्यातली चॉकलेटं, गनाशचे म्हणजे चॉकलेट-क्रीमच्या मिश्रणाचे ट्रफल आणि चॉकलेटमध्ये बुडवलेली स्ट्रॉबेरी. पहिले दोन दिसायला जुळे भाऊ वाटतात, पण चवीत आणि मेहनतीत त्यांच्यात सर्वांत मोठी दरी आहे. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

कंपाउंड आणि अस्सल: फरक चरबीचा

अस्सल चॉकलेटमध्ये कोको बटर असतं. कंपाउंडमध्ये त्याच्या जागी वनस्पती तेलापासून केलेली घट्ट चरबी घालतात, बहुतेकदा पाम कर्नेलची, आणि चवीसाठी कोको पावडर. पाकिटाच्या पुढच्या बाजूला काहीही लिहिलेलं असो, मागची घटकांची यादी वाचा. ‘हायड्रोजिनेटेड व्हेजिटेबल फॅट’ वरच्या क्रमांकावर असेल आणि कोको बटरचा पत्ता नसेल, तर ते कंपाउंड.

कोको बटर साधारण ३४ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणजे तोंडाच्या उष्णतेपेक्षा जरा आधीच. जिभेवर ठेवलं की ते विरघळत जातं आणि मागे काही उरत नाही. कंपाउंडची चरबी त्याहून चिवट असते. गिळून झाल्यावर टाळूला जो मेणासारखा थर जाणवतो, तो तिचाच. पण या चिवटपणाचा फायदाही आहे. कंपाउंड वितळवा, साच्यात ओता, साचा ओट्यावर आपटून बुडबुडे काढा, फ्रिजमध्ये दहा-पंधरा मिनिटं ठेवा, की चकचकीत हार्ट टपकन बाहेर. थर्मामीटर नको, सराव नको. शाळकरी मुलंही करू शकतील. सारण नसेल तर महिनाभर सहज टिकतं, आणि फेब्रुवारीच्या उन्हात कुरिअरच्या गाडीतून जायचं असेल तर त्यातल्या त्यात भरवशाचं तेच.

अस्सल चॉकलेट नुसतं वितळवून साच्यात ओतलं तर चालत नाही. कोको बटर सहा वेगवेगळ्या प्रकारच्या स्फटिकांत गोठू शकतं आणि आपल्याला हवा असतो त्यातला एकच. चकाकी, मोडताना येणारा ‘कट्’ आवाज आणि साच्यातून अलगद सुटणं, हे तिन्ही त्या स्फटिकाचे गुण. तो हवा तर टेंपरिंग करायलाच हवं. डार्क चॉकलेट ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवायचं, २७-२८ पर्यंत उतरवायचं आणि परत ३१-३२ पर्यंत चढवायचं. मिल्क चॉकलेटला शेवटचा आकडा २९-३० आणि व्हाइटला २८-२९.

घरी यातली सोपी वाट अशी. दोन तृतीयांश चॉकलेट वितळवा, उरलेलं एक तृतीयांश बारीक चिरून थोडं थोडं त्यात घालत ढवळत राहा. चिरलेल्या तुकड्यांत योग्य स्फटिक आधीच असतात आणि त्यांच्या संगतीनं बाकीचं चॉकलेट त्याच वळणावर जातं. या पद्धतीत २७ पर्यंत उतरवायचीही गरज नसते, ढवळत ढवळत ३१-३२ वर आणलं की पुरे. मग सुरीचं टोक त्यात बुडवून बाजूला ठेवा. पाच मिनिटांत ते चमकदार आणि कोरडं झालं तर जमलं. मळकट, चिकट राहिलं तर अजून थोडे तुकडे घालून ढवळा.

खरी अडचण असते ती खोलीच्या तापमानाची. हे काम २० अंशांच्या आसपास उत्तम होतं. पुण्या-नाशिकला फेब्रुवारीच्या पहाटे स्वयंपाकघर गार असतं, तेव्हा उरकून घ्या. दुपारी पारा तिशीच्या वर जातो आणि मग चॉकलेट गोठायलाच तयार नसतं. मुंबईत, रत्नागिरीत, पणजीत एसीची खोली हवीच. उलट न्यू जर्सीला किंवा लंडनला राहणाऱ्यांना या बाबतीत आयती सोय आहे: बाहेर थंडी, घरात हीटरमुळे वीस-एकवीस अंश. तिथे टेंपरिंग नक्की करून बघा.

मग कोणी कोणतं निवडावं? खोके भरभरून वाटायची असतील, ऑफिसात, मैत्रिणींत, मुलांच्या वर्गात, तर कंपाउंड घ्या आणि त्यात खमंग भाजलेले बदाम किंवा वेंगुर्ल्याचे काजू सढळ हातानं घाला. मिल्कपेक्षा डार्क कंपाउंड बरं, त्यात गोडाचा मारा कमी असतो. पण एकाच माणसासाठी करत असाल आणि त्याला चॉकलेटची चव कळत असेल, तर कंपाउंडच्या वाटेला जाऊ नका. आपण इतकं जीव लावून काही करतो आणि समोरच्याच्या टाळूला मेण चिकटतं, हे मला पटत नाही.

मधला मार्ग म्हणून कंपाउंडमध्ये थोडं अस्सल चॉकलेट मिसळावं असं अनेकांना वाटतं. ते टाळा. पाम कर्नेलची चरबी आणि कोको बटर यांचं आपसात जमत नाही. मिश्रण मऊ राहतं आणि काही दिवसांत वर पांढुरकी साय आल्यासारखी दिसते. दोन्हींची चव आणि रूप हातचं जातं.

ट्रफल: बहुतेकांनी हेच करावं

अस्सल चॉकलेटची चव हवी, पण टेंपरिंगची दगदग नको, अशी तुमची अवस्था असेल तर गनाश करा. गनाश म्हणजे गरम क्रीममध्ये विरघळवलेलं चॉकलेट. गार झालं की ते लाडवाच्या मिश्रणासारखं वळता येतं, आणि वळून कोको पावडरमध्ये घोळवलं की झाला ट्रफल. वरची पावडर चकाकीचा प्रश्नच मिटवते. म्हणून टेंपरिंग लागत नाही. अंडं नाही, जिलेटिन नाही, त्यामुळे शाकाहारी घरातही निर्धास्त चालतं.

प्रमाण नीट सांगते, कारण परदेशी पाककृती वाचून इथे केलं की नेमकं इथेच फिसकटतं. तिकडच्या क्रीममध्ये स्निग्धांश ३५ टक्के किंवा त्याहून जास्त असतो. आपल्याकडे किराणा दुकानात मिळणाऱ्या अमूल फ्रेश क्रीममध्ये तो २५ टक्के आहे, म्हणजे पाणी जास्त. चॉकलेट आणि क्रीम समसमान घेतलं तर सॉस होईल, लाडू नाही. डार्क चॉकलेट वजनानं क्रीमच्या दुप्पट घ्या: ३०० ग्रॅम चॉकलेट, १५० ग्रॅम क्रीम. मिल्क चॉकलेट अडीच पट आणि व्हाइट तिप्पट. ३०० ग्रॅमच्या घाण्यात लहान सुपारीएवढे तीसेक ट्रफल होतात. चॉकलेट खास बेकिंगचंच हवं असंही नाही. ५५ टक्के कोकोचं अमूल डार्क कुठल्याही वाण्याकडे मिळतं आणि गनाशला छान लागतं.

चॉकलेट अगदी बारीक चिरा. क्रीम उकळू नका, पातेल्याच्या कडेला बुडबुडे दिसू लागले की गॅस बंद. ते चॉकलेटवर ओता आणि दोन मिनिटं हातही लावू नका. मग मधोमध छोटे छोटे गोल फिरवत बाहेरच्या बाजूला जा. तुळतुळीत, चमकदार मिश्रण दिसेल. तेल सुटल्यासारखं, फाटल्यासारखं झालं तर चमचाभर कोमट दूध घालून जोरात फेटा, बहुतेक वेळा परत जुळून येतं. घरच्या दुधाची साय मात्र क्रीमऐवजी वापरू नका. तिच्यात तुपाचे कण असतात, गनाश रवाळ होतं.

दोन-तीन तास फ्रिजमध्ये ठेवून मग वळा. हात गार पाण्यात धुऊन पूर्ण कोरडे करा, कारण तळव्याच्या उबेनं गनाश पाघळतं. भराभर वळायचं, आकार थोडा ओबडधोबड राहिला तरी चालतो, ट्रफल तसाच असतो.

आणि इथे आपल्या स्वयंपाकघराला भरपूर वाव आहे. डार्क गनाशच्या पोटात गुलकंदाची छोटी गोळी ठेवा. गुलाबाचा गंध आणि डार्कचा कडवटपणा एकमेकांना इतके साजरे दिसतात, की व्हॅलेंटाइनसाठी याहून चांगलं सारण मला सुचत नाही. व्हाइट चॉकलेटबरोबर गुलकंद नको, नुसता गोडमिट्ट होतो. व्हाइटमध्ये वेलची आणि किंचित जायफळ घाला. मिल्कमध्ये कडक कॉफीचा अर्धा चमचा. कोको पावडर कडू वाटत असेल तर भाजलेल्या पिस्त्याच्या भरडीत किंवा डेसिकेटेड नारळात घोळवा.

ट्रफलची मर्यादा एकच, पण ती पक्की आहे: क्रीम असल्यानं तो फ्रिजमध्ये आठवडाभरच राहतो आणि कुरिअरनं अजिबात जात नाही. एसी बसनं तीन-चार तासांचा प्रवास घट्ट झाकणाच्या डब्यातून झेपतो. फ्रिजमध्येही डबा बंदच हवा. कोको बटर आजूबाजूचे वास शोषून घेतं, आणि शेजारी लसणाची चटणी असेल तर ती ट्रफलमध्ये उतरते. खायच्या आधी डबा बंद ठेवूनच अर्धा तास बाहेर काढून ठेवा. गार डबा लगेच उघडला तर मुंबईच्या हवेत ट्रफलवर दव धरतं आणि वरची पावडर चिखलासारखी होते.

स्ट्रॉबेरी: फक्त त्याच दिवसासाठी

व्हॅलेंटाइन नेमका महाबळेश्वर-पाचगणीच्या हंगामात येतो हे आपलं भाग्य. २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली ही स्ट्रॉबेरी फेब्रुवारीत पुण्या-मुंबईच्या कोपऱ्याकोपऱ्यावर असते. इतकं ताजं फळ हाताशी असताना स्ट्रॉबेरीच्या इसेन्सचं चॉकलेट करण्यात काय हशील?

ट्रफलच्या तुलनेत मेहनत अगदीच थोडी. घट्ट, पूर्ण लाल, हिरव्या पानांसकट असलेली फळं निवडा. धुऊन एकेक फळ पुसा आणि पंख्याखाली तासभर पसरा. हे कोरडं करणं टाळू नका, कारण वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचा थेंब पडला तर ते क्षणात गोळा होऊन खरखरीत होतं. डबल बॉयलरची, म्हणजे खालच्या पातेल्यातल्या गरम पाण्याची, वाफही तितकीच घातक. भांडं पातेल्यावर घट्ट बसणारं हवं. १५० ग्रॅम चॉकलेटात मध्यम आकाराची पंधराएक फळं होतात. पानांना धरून बुडवा, जास्तीचं निथळू द्या, बटर पेपरवर ठेवा.

इथेही टेंपरिंग न करता अस्सल चॉकलेट चालतं, कारण टेंपर न केलेल्या चॉकलेटवर पांढरे डाग पडायला वेळ लागतो आणि ही फळं त्याआधीच संपलेली असतात. फ्रिजमध्ये दहा मिनिटं पुरे. सकाळी केलेली रात्री खायची. दुसऱ्या दिवशी फळाला पाणी सुटतं आणि चॉकलेटचं कवच सरकायला लागतं. म्हणजे ज्याला द्यायची तो माणूस त्या दिवशी तुमच्या समोर असायला हवा. तो असेल, आणि तुमच्याकडे फक्त एक संध्याकाळ असेल, तर ट्रफललाही मागे टाकणारा पर्याय हाच.

खर्चाचं आणि वेळेचं

अस्सल चॉकलेट कंपाउंडपेक्षा बरंच महाग पडतं, साधारण दुप्पट-तिप्पट. २०२४ मध्ये कोकोचे जागतिक भाव विक्रमी चढले, तेव्हापासून अस्सल स्लॅब घेताना हात आखडतो हे खरं. पण तीस ट्रफलला ३०० ग्रॅमच चॉकलेट लागतं, बाकी क्रीम आणि कोको. पन्नास साच्यांच्या कंपाउंडपेक्षा खर्च फार वेगळा होत नाही, फक्त नग कमी मिळतात. स्ट्रॉबेरी सर्वांत स्वस्त, हंगामच तिचा आहे. टेंपरिंगला थर्मामीटर, जाड पॉलिकार्बोनेटचे साचे आणि एक सबंध सुट्टीची सकाळ लागते. चकाकी साच्याच्या पृष्ठभागावरून येते. सिलिकॉनच्या साच्यातून चॉकलेट सहज सुटतं, पण तेवढं चमकत नाही.

मिल्क चॉकलेट आवडणाऱ्या माणसाला सत्तर टक्क्यांचं डार्क देऊन त्याची आवड सुधारायला जाऊ नका. त्याला जे आवडतं त्याचंच गनाश करा.

दूर राहणाऱ्या जोडीदाराला पाठवायचं असेल आणि कंपाउंड नकोच असेल, तर अजून एक वाट आहे. बिया काढलेल्या खजुरात भाजलेला बदाम भरा आणि टेंपर केलेल्या डार्कमध्ये बुडवा. क्रीम नाही, पाणीही कमी, दोन आठवडे आरामात राहतात. डब्यात बटर पेपरचे थर द्या, मोकळी जागा कागदानं भरा म्हणजे आपटून कवच फुटणार नाही. पार्सल सोमवारी किंवा मंगळवारी टाका. शुक्रवारी टाकलं तर शनिवार-रविवार ते कुठल्या तरी तापलेल्या गोदामात पडून राहील.