खाऱ्या पाण्याची टाकी बसवून घेताना आमची झालेली फसवणूक

मालवणच्या समुद्रात पाण्याखाली पाहिलेले प्रवाळ माझ्या मुलीच्या मनात इतके ठसले की, घरी खाऱ्या पाण्याची टाकी हवी, हा तिचा ध्यासच झाला. कोल्हापुरात गोड्या पाण्यातील मासे विकणारी दुकाने बरीच आहेत. खाऱ्या पाण्याचे काम जाणणारे मात्र फार थोडे, म्हणून एका परिचितामार्फत परगावच्या एका व्यावसायिकाला बोलावले. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी, स्किमर (पाण्यातील घाण फेसाबरोबर बाहेर काढणारे यंत्र), दिवे, दगड, मासे आणि प्रवाळ मिळून 1,40,000 रुपये ठरले, आणि त्यांपैकी 1,00,000 रुपये त्याने काम सुरू होण्यापूर्वीच घेतले.

पहिल्या दिवशी त्याने टाकी भरली, मीठ टाकले आणि जिवाणूंची एक बाटली ओतली. चौथ्या दिवशी सात मासे आणि प्रवाळाचे नऊ तुकडे आत सोडले, आमच्या बैठकीच्या खोलीत उभे राहून टाकीचे छायाचित्र काढले आणि उरलेली रक्कम मागितली. टाकी खरोखरच देखणी दिसत होती, त्यामुळे मी ती लगेच दिली.

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो, आणि तो माशांना विषारी असतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात व दुसरे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. हे जिवाणू दगडांवर पुरेसे वाढण्यास साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. बाटलीतील जिवाणूंमुळे हा काळ कमी होऊ शकतो, परंतु अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याचे मोजून पाहिल्याशिवाय मासे सोडता येत नाहीत. हे सर्व मला नंतर कळले. त्या वेळी मोजमाप पूर्णपणे त्याच्याच हातात होते. तो स्वतःची साधने आणत असे, पाणी तपासत असे आणि आमच्या वहीत आकडे लिहून जात असे. ते आकडे मी एकदाही पडताळले नाहीत. आमच्या फसवणुकीचे मूळ मला तेथेच दिसते, म्हणून ते सविस्तर लिहीत आहे.

सातव्या दिवसापासून मासे पृष्ठभागाजवळ येऊन धापा टाकू लागले आणि दहाव्या दिवसापर्यंत पाच मेले. कोल्हापूरचे पाणी जड असल्यामुळे असे झाले, असे त्याने सांगितले. वास्तविक आरओ आणि डीआय या शुद्धीकरण यंत्रांतून काढलेले, टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) शून्य असलेले पाणी वापरण्याचे त्याने कबूल केले होते व त्याचे पैसेही घेतले होते. टाकी मात्र आमच्याच नळाला पाइप लावून भरली होती. त्यानंतर उरलेल्या माशांच्या अंगावर पांढरे ठिपके दिसताच त्याने निळ्या रंगाचे औषध टाकीत ओतले. त्या औषधात तांबे होते. तांब्याची मात्रा माशांना वेगळ्या टाकीत ठेवून द्यायची असते, कारण प्रवाळ, कोळंबी आणि गोगलगायी यांना ते मारक ठरते, शिवाय दगडांत मुरून पुढे दीर्घकाळ पाण्यात झिरपत राहते. दोन दिवसांत प्रवाळांचे मांस गळून पांढरे सांगाडे उरले. त्यानंतरही नव्या माशांसाठी म्हणून त्याने माझ्याकडून 18,000 रुपये घेतले, आणि मी ते दिले.

शेवटी मी स्वतः रिफ्रॅक्टोमीटर (पाण्याचा खारेपणा मोजणारे साधन) घेतला आणि 35 पीपीटीच्या, म्हणजे हजार भागांत 35 भाग मीठ असलेल्या, प्रमाणित द्रावणावर तो जुळवून पाणी तपासले. वहीत विशिष्ट गुरुत्व (शुद्ध पाण्याच्या तुलनेत घनता) 1.025 लिहिलेले होते. प्रत्यक्षात ते 1.018 भरले, म्हणजे पाण्यात मीठ कमी होते. एवढ्या टाकीला सुमारे आठ किलो मीठ लागते. त्याने दहा किलोचे पैसे घेतले होते, आणि माळ्यावर पाच किलोची एकच रिकामी पिशवी सापडली.

याहून गंभीर बाब प्राणिशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी सांगितली. ते सांगाडे पाहताच हे कठीण प्रवाळ असल्याचे त्यांनी ओळखले. असे प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याने त्यांना वाघाच्या बरोबरीचे संरक्षण आहे. हा माल परवान्याचा आहे असे तो व्यावसायिक तोंडी सांगत राहिला होता. पावती काढून पाहिली, तर तिच्यावर प्रवाळ हा शब्दच नव्हता. ‘सजावटीचे दगड व साहित्य’ एवढेच लिहिले होते. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण पैसे गेल्याच्या दुःखापेक्षा समुद्रातून ओरबाडून आणलेले जीव माझ्या घरात माझ्याच पैशाने मेले, ही जाणीव अधिक बोचत होती. वकिलांच्या सल्ल्याने सर्व हकीकत लेखी देऊन ते सांगाडे आम्ही वन विभागाच्या स्वाधीन केले.

प्रथम राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली. विक्रेता परगावचा असला तरी 2019 च्या ग्राहक संरक्षण अधिनियमानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. व्यवहाराचे संदेश, बँकेचे व्यवहार आणि त्याच्या हस्ताक्षरातील वही आम्ही जपून ठेवली होती, ती आता उपयोगी पडत आहे. त्याचा जुना क्रमांक बंद आहे.

मागील आठवड्यात माझ्या मेहुण्यांना एका अनोळखी क्रमांकावरून खाऱ्या पाण्याच्या टाकीची जाहिरात आली. नमुना म्हणून जोडलेल्या छायाचित्रात चार फुटांची टाकी, सात मासे, प्रवाळाचे नऊ तुकडे आणि मागच्या भिंतीवर आमच्या घरचे कॅलेंडर आहे. ते छायाचित्र चौथ्या दिवसाचे आहे. तुम्हाला ते आले, तर पैसे पाठवू नका आणि तो संदेश पुसूनही टाकू नका; आयोगापुढे पुरावा म्हणून तो आम्हाला हवा आहे.