एकच सुट्टी, पाच वाटा: पुण्यातल्या पशुवैद्यानं यंदा शिकायला कुठं जावं?

धायरीत दोन वर्षांपूर्वी दवाखाना टाकलेल्या एका ज्युनिअरचा परवा रात्री साडेदहाला फोन आला. "सर, यंदा एकाच गोष्टीपुरते पैसे आहेत. कॉन्फरन्सला जाऊ, अल्ट्रासाउंडचं वर्कशॉप करू, का वर्षभराचा ऑनलाइन कोर्स घेऊ?"

मी त्याला उलट विचारलं, गेल्या महिन्यात कुठला पेशंट दुसरीकडे पाठवलास, आणि का? थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, "लसीला आलेलं आठ वर्षांचं पॉमेरेनियन. कुत्रं ठणठणीत, पण मर्मर चांगला मोठा. औषध सुरू करायचं की नाही ते ठरेना." (मर्मर म्हणजे हृदयाच्या ठोक्यासोबत ऐकू येणारा जादा आवाज.)

निम्मं उत्तर त्यातच होतं. उरलेलं इथं लिहितो, कारण दिवाळीच्या आसपास हा प्रश्न मला दर वर्षी कुणी ना कुणी विचारतंच.

त्या पॉमेरेनियनचंच घेऊ. हृदयातली मायट्रल झडप खराब झालेली, हृदय वाढलेलं, पण खोकला-धाप अजून नाही, अशा कुत्र्याला पिमोबेंडन हे हृदयाचं औषध सुरू केलं तर हार्ट फेल्युअर सुमारे सव्वा वर्ष लांबतं, हे २०१६ साली एपिक चाचणीनं दाखवलं. २०१९च्या एसीव्हीआयएम या अमेरिकी पशुवैद्यक तज्ज्ञांच्या संस्थेच्या मार्गदर्शिकेत 'बी-टू' टप्प्याचा, म्हणजे नेमक्या याच अवस्थेचा, उपचार म्हणून ते पक्कं झालं. दोन्ही लेख नेटवर फुकट आहेत, घरी बसून एका रात्रीत वाचून होतात. पण समोरचा कुत्रा बी-टूमध्ये बसतो का, हे कसं कळणार? त्यासाठी एकोवर, म्हणजे हृदयाच्या अल्ट्रासाउंडवर, एलए-एओ रेशो (डावं एट्रियम हा हृदयाचा वरचा कप्पा महाधमनीच्या किती पट आहे ते) १.६ किंवा त्याहून जास्त आणि डाव्या वेंट्रिकलचं, म्हणजे खालच्या कप्प्याचं, वजनाच्या हिशेबात काढलेलं माप १.७ किंवा जास्त यायला हवं. एक्स-रेवर मणक्यांच्या मापानं हृदय १०.५च्या वर हवं. एको नसेलच तर एक्स-रेवर ११.५ भरल्याशिवाय औषधाला हात घालू नये असा साधारण संकेत आहे. हे आकडे पाठ होतील. मात्र उजव्या बाजूनं बरगड्यांच्या मधून प्रोब (मशीनचा अंगावर टेकवायचा भाग) कसा तिरका धरला की ती गोल महाधमनी आणि शेजारचं एट्रियम एका चित्रात येतं, ते पाठ होत नाही. ते हाताला शिकवावं लागतं, आणि त्यासाठी शेजारी कुणीतरी उभं राहून आपलं मनगट फिरवून द्यावं लागतं.

म्हणून माझा पहिला सवाल असा असतो: तुमचं अडतंय ते डोक्यात, हातात, की निर्णयात? कुठली वाट धरायची ते त्यावर ठरतं. आणि खर्च मांडताना नुसती फी मांडू नका. एकट्याच्या दवाखान्यात सगळ्यात महाग असतं ते बंद शटर. त्यात शनिवार-रविवार गेला म्हणजे आठवड्याची निम्मी कमाई गेली.

हॉटेलातली संध्याकाळ

औषध कंपनीचा एमआर निमंत्रण देऊन जातो. साडेसातचं व्याख्यान सव्वाआठला सुरू होतं, मागोमाग जेवण. फी नाही, शटरही फक्त संध्याकाळचं पडतं. व्याख्यानाच्या शेवटच्या पाच स्लाइड कशाच्या असणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. ज्या औषधाचा कार्यक्रम, त्याच औषधाबद्दलचं मत तिथून घेऊन यायचं नाही, एवढं पथ्य पाळलं तर या संध्याकाळी वाया जात नाहीत.

खरं शिक्षण जेवणाच्या रांगेत होतं. एकदा ताट हातात धरून उभा होतो. पुढं एक हडपसरचे डॉक्टर वाकडच्या एकाला सांगत होते, गोचीड तापाचा कुत्रा, डॉक्सी (डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक) सुरू केली, तरी रक्त उतरतच चाललंय. वाकडकर म्हणाले, अहो, एर्लिकिया धरून बसू नका, बबेसिया गिब्सोनी तपासा (दोन्ही गोचिडांतून येणारे जंतू). त्याला डॉक्सी पुरत नाही, अॅटोव्हाक्वोन आणि अॅझिथ्रोमायसिनची जोडी दहा दिवस द्यावी लागते. माझ्याकडे त्याच आठवड्यात हुबेहूब तसाच लॅब्राडोर सलाईनवर होता. अमेरिकेतल्या वक्त्याचं गोचिडांवरचं दोन तासांचं व्याख्यान मी आधी ऐकलं होतं, त्यातला निम्मा वेळ लाइम डिसीज या तिकडच्या आजाराला गेलेला.

स्थानिक कायद्याच्या बातम्याही इथंच आधी कळतात. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक जनावरांसाठी २००६ साली बंद झालं, ते मेलेलं जनावर खाऊन गिधाडं मरत होती म्हणून, हे सगळ्यांना माहीत आहे. पण २०२३ साली केटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅकवरही बंदी आली हे मला अशाच एका संध्याकाळी कळलं, आणि कपाटात तेव्हा केटोप्रोफेनच्या बाटल्या होत्या. परदेशी वेबिनार हे सांगणार नाही. गिधाडांच्या हिशेबानं सुरक्षित म्हणून मेलॉक्सिकॅम हाताशी ठेवायचं, हे त्यातून आलेलं.

ऑनलाइन

जे नुसतं वाचून-ऐकून कळतं, त्यासाठी प्रवास करू नये, असं माझं ठाम मत आहे. डब्ल्यूसावा या लहान प्राण्यांच्या पशुवैद्यांच्या जागतिक संघटनेची लसीकरण मार्गदर्शिका २०२४ साली नवी आली. पिल्लाचा शेवटचा डोस १६ आठवडे पूर्ण झाल्यावर किंवा त्यानंतर, आणि पुढचा वर्षानं न देता २६ आठवड्यांच्या सुमारास. लेप्टोस्पायरोसिस हा साचलेल्या पाण्यातून पसरणारा आजार जिथं आढळतो तिथं त्याची लस आता मुख्य लसींत धरली आहे. मुठेला पूर आला की सिंहगड रोडवर घरांत पाणी शिरतं, त्या भागात दवाखाना असणाऱ्याला हा बदल माहीत नसून चालणार नाही. पण हे एका पीडीएफमध्ये आहे. त्यासाठी विमानाचं तिकीट काढणाऱ्याची मला गंमत वाटते. मूत्रपिंडाच्या आजाराचे आयरिस या तज्ज्ञगटानं ठरवलेले टप्पेही त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत, तक्ता छापून भिंतीला लावला की झालं.

पैसे भरायचे तर चर्चेसाठी भरा. व्हीआयएन या पशुवैद्यांच्या ऑनलाइन कट्ट्यासारख्या ठिकाणी वर्गणी असते, पण रात्री अकराला रक्ताचे रिपोर्ट टाकून तज्ज्ञांना विचारता येतं. नुसत्या रेकॉर्ड केलेल्या व्याख्यानांच्या गठ्ठ्याला मी पैसे देणार नाही. मी स्वतः असा एक वर्षभराचा कोर्स घेतला होता, चाळीस व्याख्यानांचा. सात पाहिली. उरलेली अजून 'लवकरच पाहू' म्हणून पडून आहेत, आणि लॉगिनची मुदत कधीच संपली. स्वतःला शिस्त नसेल तर थेट प्रसारणच निवडा, वेळ बांधलेली असते.

किती शिकलं म्हणजे पुरेसं? ब्रिटनमध्ये पशुवैद्याला वर्षाला ३५ तास दाखवावे लागतात. हा आकडा मी स्वतःपुरता धरून चालतो, आठवड्याला पाऊण तासही पडत नाही.

कॉन्फरन्स

दोन-तीन दिवस, तीन हॉलमध्ये एकाच वेळी व्याख्यानं, आणि आपल्याला हवी ती दोन नेमकी एकाच वेळी. वीस मिनिटांत एक विषय उरकायचा म्हणून वक्ता पळत सुटतो. नव्या पदवीधरानं आयुष्यात एकदा तरी मोठ्या कॉन्फरन्सला जावं, आपण कुठल्या बिरादरीत आहोत ते दिसतं. त्यानंतर दर वर्षी जायचं कारण मला सापडलेलं नाही, एक अपवाद सोडून: मशीन घ्यायचं असेल तर जरूर जा. चार कंपन्यांचे अल्ट्रासाउंड, डेंटल एक्स-रे, अॅनेस्थेशियाची मशीनं एका छपराखाली असतात. स्टॉलवर प्रोब स्वतःच्या मानेवर टेकवून चित्र बघता येतं, आणि सर्व्हिस इंजिनिअर पुण्यात बसतो की बंगळुरात, हेही तिथल्या तिथं विचारता येतं. तो दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा महत्त्वाचा.

वर्कशॉप

सगळ्यात महाग हेच, आणि सगळ्यात जास्त फसगतही इथंच होते. नाव 'हँड्स-ऑन', प्रत्यक्षात एका मशीनभोवती बारा जण. एका नामवंत वक्त्याच्या अशाच वर्कशॉपमध्ये दोन दिवसांत माझ्या हातात प्रोब जेमतेम दहा मिनिटं आला. जेवण मात्र उत्तम होतं.

पैसे भरण्याआधी आयोजकाला तीन गोष्टी विचारा. एका मशीनला किती जण? चारपेक्षा जास्त असतील तर नको. जिवंत कुत्रा आहे की नुसता पडदा? आणि आजारी हृदयाची चित्रं प्रत्यक्ष दाखवणार की सगळी निरोगी बीगल कुत्री?

चौथा प्रश्न स्वतःला विचारायचा: परत आल्यावर महिन्याभरात हे रोज करायला माझ्याकडे मशीन आहे का? नसेल तर वर्कशॉप पुढच्या वर्षी. हाताचं शिक्षण पंधरा दिवसांत विसरायला होतं, हे आपण सगळे इंटर्नशिपपासून जाणतो. आणि दोन दिवसांचं प्रमाणपत्र भिंतीवर लावा, पण पाटीवर 'हृदयरोगतज्ज्ञ' लिहू नका. त्यासाठी लोक एमव्हीएससी या पदव्युत्तर पदवीची दोन वर्षं घालवतात.

एक वर्कशॉप मात्र पुण्याबाहेर न जाता, जवळपास फुकटात होतं: सीपीआर, म्हणजे बंद पडलेलं हृदय छाती दाबून चालू करणं. त्याची 'रिकव्हर' नावाची मार्गदर्शक तत्त्वं २०१२ साली आली, २०२४ मध्ये सुधारली. मिनिटाला १०० ते १२० दाब, दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, आणि अॅड्रेनॅलिनचा जुना मोठा डोस आता नाही. दुपारी दोन ते चार दवाखाना रिकामा असतो तेव्हा जुनी उशी टेबलावर ठेवायची आणि असिस्टंटला, रिसेप्शनवरच्या ताईंनाही उभं करायचं. आमच्याकडे ताईंचा ठेका सगळ्यात पक्का निघाला. दहा वर्षं गणेशोत्सवात ढोल वाजवलाय त्यांनी.

कुणाच्या तरी मागं उभं राहून बघणं

ही वाट कुणाला सुचत नाही, कारण तिची जाहिरात नसते. मोठ्या रुग्णालयात आठवडाभर जायचं, परवानगी मागून, आणि नुसतं बघायचं. परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे, शेजारीच बाई साकरबाई रुग्णालय. तिथं एका सकाळी जेवढे पेशंट दिसतात तेवढे आपल्या दवाखान्यात महिन्यात येत नाहीत. महालक्ष्मीला टाटांचं लहान प्राण्यांचं रुग्णालय २०२४ साली सुरू झालं. डेक्कन क्वीननं गेलं तर दादरला उतरायचं. जवळच हवं असेल तर शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील महाविद्यालय, कात्रजचा बोगदा ओलांडला की तासाभरात. जुने सर ओळखतात, चहा सांगतात, आणि मग हळूच केसही दाखवतात.

डोक्यातलं आणि हातातलं वर आलं, हे निर्णयाचं शिक्षण आहे. पोट फुगलेला ग्रेट डेन आल्यावर सीनिअर पहिल्या तीन मिनिटांत काय करतो आणि काय करत नाही, मालकाला 'हे वाचणार नाही' कुठल्या शब्दांत सांगतो, ते कुठल्याही स्लाइडवर नसतं. फी नसते किंवा नाममात्र असते. शटर मात्र आठवडाभर बंद. म्हणून शेजारच्या एरियातल्या डॉक्टरशी अदलाबदल करा: हा आठवडा तुमचे पेशंट त्यांनी बघायचे, पुढच्या महिन्यात त्यांचे तुम्ही. पेशंट पळवतील ही भीती असते. माझे दोन गेले, तीन आले.

गाई-म्हशीवाल्यांसाठी

दौंड, जुन्नर, बारामतीकडच्या मित्रांचं गणित वेगळं आहे, त्यांनी वरच्यातलं कॉन्फरन्स-वेबिनार सरळ सोडून द्यावं. त्यांच्यासाठी गुंतवणूक एकच: रेक्टल प्रोब (गुदद्वारातून घालायचा अल्ट्रासाउंडचा प्रोब) आणि तो शिकवणारा माणूस. हातानं गाभण तपासताना दीड-दोन महिने थांबावं लागतं, अल्ट्रासाउंडवर २८-३० दिवसांत दिसतं. रिकामी गाय महिनाभर आधी कळली की शेतकऱ्याचा एक माज वाचतो, आणि तो पुढच्या वेळी फोन तुम्हालाच करतो. रोगाच्या बाबतीत औंध जवळ आहे. तिथं रोग अन्वेषण विभाग आहे, लसी बनवणारी संस्था आहे. २०२२ साली लम्पी पसरला तेव्हा काय टोचायचं, किती अंतरातली जनावरं घ्यायची, हे व्हॉट्सअॅपवर विचारत बसण्यापेक्षा तिथल्या ओळखीच्या माणसाला केलेला एक फोन कामी आला. (बरेलीची आयव्हीआरआय ही देशाची पशुवैद्यक संशोधन संस्था मुळात १८८९ साली पुण्यातच सुरू झाली आणि १८९३ साली मुक्तेश्वरला हलवली, हे कुणाला सांगितलं की पुणेकरांना उगाच बरं वाटतं.)

तर धायरीच्या मुलाचं काय ठरलं? त्याच्याकडे सेकंडहँड अल्ट्रासाउंड आहे, एकोचं सॉफ्टवेअर आहे, प्रोब मात्र पोटाचा. मी म्हटलं, वर्कशॉपच्या फीत थोडी भर घालून आधी कार्डिअॅक प्रोब घे. मापं कशी घ्यायची त्याचे व्हिडिओ रात्री बघ. रोज एक निरोगी कुत्रा, लसीला आलेला, मालकाला विचारून, दहा मिनिटं. पन्नास झाले की मग परळला चार दिवस जा आणि तुझी चित्रं तिथल्या मॅडमना दाखव. वर्कशॉप त्यानंतर, चार जणांचं असेल तरच.

तो म्हणाला, "आणि ते पॉमेरेनियन?"

त्याचा एक्स-रे काढ, मणके मोज, आणि उद्या सकाळी मला आकडा पाठव.