‘सिन्सिअर’ची मेणाची कथा आणि एक भरवशाचा व्युत्पत्तिकोश

गोव्यातील शाळांच्या बक्षीस समारंभांत ‘सिन्सिअर’ या इंग्रजी शब्दाची एक कथा पुष्कळदा सांगितली जाते. रोमन मूर्तिकार संगमरवराच्या भेगा मेणाने बुजवीत आणि सचोटीचा कारागीर मात्र आपली मूर्ती ‘सिने सेरा’, म्हणजे मेणाविना घडवलेली, असे सांगून विकत असे, अशी ती कथा. पोर्तुगीजमध्येही ‘सेरा’ म्हणजे मेण आणि ‘सें’ म्हणजे विना असल्यामुळे, ती भाषा शाळेत शिकलेल्या आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना ही फोड ऐकताक्षणी पटते. ‘ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी’ या विनामूल्य संकेतस्थळाची पारख करण्यासाठी मी म्हणूनच हा शब्द निवडला आहे.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाचे डग्लस हार्पर यांनी या कोशाची उभारणी केली. ‘सिन्सिअर’च्या नोंदीत प्रथम काळ येतो, तो १५३० च्या दशकाचा, मग फ्रेंचमार्गे लॅटिन ‘सिन्सेरुस’ हे मूळ आणि त्याचे अर्थ येतात: स्वच्छ, अखंड, निर्भेळ. त्यानंतर मेणाच्या कथेला व्युत्पत्तिशास्त्राचा आधार नाही, ऑक्सफर्ड आणि सेंच्युरी या मोठ्या कोशांनीही ती फेटाळली आहे, असे ही नोंद निःसंदिग्धपणे सांगते. कथा मोडून तिच्या जागी दुसरी गोळीबंद कथा बसवण्याचा मोह तिने टाळला आहे, हे मला विशेष मोलाचे वाटते. मूळ अनिश्चित आहे असे नोंदवून ती दोन तर्क त्यांच्या कर्त्यांच्या नावांनिशी मांडते. भाषाशास्त्रज्ञ वॉटकिन्स यांच्या मते शब्दाच्या पोटात ‘एक’ आणि ‘वाढणे’ असे दोन धातू असून मूळ अर्थ ‘एकाच वाढीचे, संकर नसलेले’ असा होतो, तर दुसरे भाषाशास्त्रज्ञ डी व्हान ‘अखंड’ या अर्थाचे एक लुप्त लॅटिन विशेषण संभवनीय मानतात. पहिल्या तर्कातील ‘एक’ या अर्थाच्या ‘सेम्’ धातूची नोंद उघडली की ‘सिंगल’, ‘सिंपल’, ‘सेम’ यांच्या शेजारी संस्कृत ‘सम्’ही भेटतो. संस्कृतचा थोडाफार परिचय असलेल्या मराठी वाचकाला येथे जो आनंद होतो, तो छापील इंग्रजी-मराठी शब्दकोशातून सहसा मिळत नाही.

‘ऑनेस्ट’ची नोंदही वाचण्यासारखी आहे. लॅटिनमध्ये ‘सन्मान’ या अर्थाच्या शब्दापासून निघालेले हे विशेषण जुन्या फ्रेंचमधून १३०० च्या सुमारास इंग्रजीत आले, तेव्हा त्यात खरे बोलण्यापेक्षा प्रतिष्ठेचा आणि शिष्टसंमत वागणुकीचा भाव अधिक होता. स्त्रीविषयी तो शब्द वापरला की शील अभिप्रेत असे. ‘कॅन्डिड’ म्हणजे मोकळ्या मनाचा, स्पष्ट; त्याचे मूळ शुभ्रतेत आहे आणि उमेदवाराला ‘कॅन्डिडेट’ म्हणतात ते रोममधील पदेच्छू पांढरे झगे घालीत म्हणून, हेही येथे थोडक्यात कळते.

उणिवा आहेत, आणि त्या शिक्षकांनी ध्यानात घ्याव्यात. नोंदीतील साल हे उपलब्ध लिखित नोंदीवरून ठरवलेले असते, शब्दाच्या जन्माचे नव्हे. हा भेद न सांगता विद्यार्थ्यांना संकेतस्थळ दाखवले तर त्यांचा गैरसमज होणारच. संस्कृत शब्द रोमन लिपीत दिलेले असल्याने ऱ्हस्व-दीर्घ ताडून पाहावे लागते. प्रत्येक अर्थाची कालक्रमाने अवतरणे हवी असणाऱ्या अभ्यासकाला ऑक्सफर्डचा मोठा कोशच गाठावा लागेल, कारण येथील नोंदी आटोपशीर आहेत.

असे असले तरी इंग्रजी शिकवणाऱ्या आणि व्यासपीठावरून बोलणाऱ्या प्रत्येकाला मी हा कोश आग्रहाने सुचवीन. मात्र नोंद शेवटपर्यंत वाचावी, कारण मेणाच्या कथेचा समाचार पहिल्या ओळीत नसून पुढे घेतलेला आहे, आणि घाईने साल व मूळ शब्द तेवढे टिपून घेणाऱ्याच्या नजरेतून नेमका तोच भाग निसटतो.