युरोपीय नागरिकाची बायको म्हणून काढलेला व्हिसा: नेदरलँड्समध्ये काही महिने राहिल्यावरचा अनुभव

गोव्यात आणि आमच्या सिंधुदुर्गात अशी जोडपी पुष्कळ आहेत: एकाकडे पोर्तुगीज पासपोर्ट, दुसऱ्याकडे भारतीय. त्यांच्यापर्यंत पोचते ती बहुतेक वेळा एजंटची अर्धीमुर्धी माहिती, तीही पैसे मोजून. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

माझं माहेर सावंतवाडीचं, पासपोर्ट भारतीय. नवरा गोव्यातल्या बार्देशचा. त्याचे वडील १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मले. त्यांच्या जन्माची नोंद लिस्बनला झाली आणि पुढे मुलालाही पोर्तुगीज नागरिकत्व मिळालं. भारताला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही, त्यामुळे त्याने भारतीय पासपोर्ट जमा केला. नोकरी त्याला रॉटरडॅमला लागली, तो आधी गेला आणि मी मागाहून.

पहिला गोंधळ इथेच होतो. पासपोर्ट पोर्तुगीज म्हणून लोक बायकोचा अर्जही पोर्तुगालकडे करायला निघतात. युरोपीय संघाचा २००४/३८ हा निर्देश, ज्याला सगळे नुसतं ‘डायरेक्टिव्ह’ म्हणतात, तो लागू होतो युरोपीय नागरिक स्वतःचा देश सोडून संघातल्या दुसऱ्या देशात राहायला किंवा फिरायला जातो तेव्हा. पोर्तुगीज नवरा नेदरलँड्स, आयर्लंड किंवा फ्रान्समध्ये असेल तर बायकोला हे हक्क मिळतात. तोच नवरा पोर्तुगालमध्ये राहणार असेल तर तिथला देशी कायदा बघायचा. ब्रिटनचा दरवाजा वेगळ्या कारणाने बंद झाला. आमच्याकडची कितीतरी कुटुंबं स्विंडनला स्थिरावली आहेत, पण ३१ डिसेंबर २०२० नंतर तिथे मुक्त संचार उरला नाही.

या डायरेक्टिव्हखाली व्हिसा मागताना आपण मेहेरबानी मागत नसतो. जोडीदाराला सोबत राहण्याचा हक्क कायद्याने आधीच दिलेला आहे, व्हिसा अधिकाऱ्याने फक्त आपण खरोखर ते जोडीदार आहोत का एवढं तपासायचं असतं. हे डोक्यात पक्कं बसलं की फाइल कशी लावायची तेही कळतं. सिद्ध करायच्या गोष्टी तीनच: नवरा युरोपीय नागरिक आहे, मी त्याची बायको आहे, आणि मी त्याच्याबरोबर किंवा त्याच्याकडे चालले आहे. माझ्या फाइलमध्ये त्याच्या पासपोर्टची प्रत, लग्नाचा दाखला, नोकरीचा करार, रॉटरडॅमच्या पत्त्याची नोंद आणि त्याने सही केलेलं साधं पत्र होतं. बँकेचं स्टेटमेंट, आयटीआर, हॉटेल बुकिंग, परतीचं तिकीट यांतलं काही जोडलं नाही. पर्यटक व्हिसात ‘ही परत येईल का’ हा प्रश्न सगळ्यात मोठा असतो, आणि इथे त्याला जागाच नाही. नकार द्यायचा तर सार्वजनिक सुव्यवस्था, सुरक्षा, आरोग्य किंवा खोटं लग्न अशी कारणं लागतात, आणि तीही लेखी द्यावी लागतात.

फॉर्म नेहमीचाच शेंगेनचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं त्या युरोपीय देशांच्या गटाचा. त्यात १७ आणि १८ हे रकाने नीट भरायचे, म्हणजे युरोपीय नातेवाइकाची माहिती आणि नातं. नोकरी, मालक, निमंत्रण देणारा आणि प्रवासखर्च विचारणारे २१, २२, ३०, ३१, ३२ हे रकाने आपल्यासाठी नाहीत, त्यांच्यापुढे तशी खूणही असते. व्हिसाची फी नाही. जून २०२४ पासून इतरांना ९० युरो पडतात, आपल्याला शून्य. प्रवास विमाही मागता येत नाही.

पण खिडकीवरच्या माणसाला हे माहीत असेलच असं नाही. मुंबईतल्या व्हिसा केंद्रात आधी मला फी सांगितली, मग विमा मागितला, मग ‘मॅडम, स्टेटमेंट नसेल तर रिजेक्ट होतं’ असंही ऐकवलं. युरोपीय आयोगाच्या व्हिसा हँडबुकमधली कुटुंबीयांविषयीची पानं मी छापून नेली होती. ती शांतपणे पुढे केली आणि सुपरवायझरला बोलवायची विनंती केली. त्यांनी वाचलं, फाइल घेतली, वर चेकलिस्टवर ‘अपूर्ण’ असा शेरा मारून माझी सही मागितली. सही केली, पण शेजारी लिहिलं की ही कागदपत्रं डायरेक्टिव्हनुसार आवश्यक नाहीत. हे प्रत्येकीने करावं असं मला मनापासून वाटतं. आवाज चढवायची गरज पडत नाही, कागद हातात असला की पुरतं. केंद्राचा सेवाशुल्क मात्र मी भरला. थेट वाणिज्य दूतावासात विनाखर्च अर्ज करायचाही हक्क असतो, पण केंद्राची सोय घेतली तर तिचे पैसे द्यावे लागतात. ते पटण्यासारखं आहे.

खरा घाम काढला तो नावांनी. आपल्याकडे पासपोर्टात मुलीच्या नावापुढे वडिलांचं नाव, लग्नाच्या दाखल्यावर कधी ते असतं कधी नसतं, आणि नवऱ्याच्या लिस्बनच्या नोंदीत आडनावाचं स्पेलिंग पोर्तुगीज वळणाचं. आमचं लग्न गोव्यात सिव्हिल रजिस्ट्रारकडे नोंदवलेलं, पहिली सही, मग दुसरी सही, सगळं रीतसर. तरीही तिन्ही कागदांवर माणसं वेगळी वाटावीत इतका फरक होता. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र केलं, आणि लग्नाच्या व जन्माच्या दाखल्यावर आधी राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद खरा मानला जावा म्हणून मिळणारं प्रमाणन, घेतलं. व्हिसासाठी अपोस्टिलचा आग्रह प्रत्येक ठिकाणी होत नाही, पण नेदरलँड्सच्या नगरपालिकेत नोंद करताना त्यावाचून चालत नाही. ही कामं भारतात असतानाच उरकून घ्या. इथून कुरिअरने करणं महाग आणि जिवाला त्रास.

आयोगाच्या २००९ च्या मार्गदर्शनात अशा व्हिसाला चार आठवड्यांपेक्षा जास्त वेळ लागणं योग्य नाही असं म्हटलं होतं; २०२३ मध्ये त्याच्या जागी नवं मार्गदर्शन आलं. माझा व्हिसा चार आठवड्यांच्या आत आला. उशीर होत असेल तर नवऱ्याने सॉलव्हिटकडे तक्रार नोंदवावी. युरोपीय प्रशासनांची ती मोफत सेवा आहे आणि लोक तिचा वापर फारच कमी करतात.

व्हिसा ९० दिवसांचा असतो. तो फक्त आत येण्यापुरता. चार महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर आल्यावर पाच दिवसांत नगरपालिकेत नोंद करायची, तिथून बीएसएन हा नागरी ओळख क्रमांक मिळतो, आणि मग आयएनडी या इमिग्रेशन खात्याकडे निवासकार्डासाठी अर्ज. डच नागरिकाची भारतीय बायको म्हणून नेहमीच्या मार्गाने यायचं तर एमव्हीव्ही हा दीर्घ मुक्कामाचा प्रवेश व्हिसा आणि परदेशातच द्यायची डच परीक्षा लागते, ती दोन्ही या मार्गात नाहीत. अर्ज दिल्यावर पासपोर्टात स्टिकर लागतं आणि काम करायची परवानगी त्यावरच लिहिलेली असते. कार्डाची वाट न बघता मी नोकरी धरली. मालकाला वेगळं परमिट काढावं लागत नाही हे त्यांच्या एचआरला आधी पटेना, स्टिकरवरचा मजकूर दाखवल्यावर पटलं.

कार्ड द्यायला कायद्याने सहा महिन्यांपर्यंत मुदत आहे, आणि हा काळ मनाला जड जातो. राहणं पूर्ण कायदेशीर, पण मूळ व्हिसा संपलेला, म्हणून भारतात जाऊन यायचं तर परतीचा व्हिसा आधी काढावा लागतो. चतुर्थी त्या दरम्यान आली. नवऱ्याच्या घरची माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर बांधतात ती फळापानांची सजावट, मी व्हिडिओ कॉलवर पाहिली. तारखा ठरवताना हे लक्षात ठेवा.

कार्ड हातात आल्यापासून मात्र तक्रारीला जागा नाही. पाच वर्षांचं असतं. नवऱ्याबरोबर आयर्लंडला गेले, वेगळा व्हिसा लागला नाही, विमानतळावर कार्ड आणि लग्नाचा दाखला दाखवला. युरोपीय संघातल्या पण शेंगेनमध्ये नसलेल्या देशातही हे चालतं, म्हणून दाखल्याची प्रत नेहमी जवळ असते.

आता मुलींसाठी थोडं जास्त लिहिते. हा हक्क नवऱ्याच्या हक्कावर उभा आहे. तो देश सोडून गेला तर आपला पायाही हलतो. पण कायद्याने आपल्याला अगदी उघड्यावर सोडलेलं नाही. घटस्फोटाची कार्यवाही सुरू होण्याआधी लग्न तीन वर्षं टिकलं असेल आणि त्यातलं एक वर्ष त्या देशात गेलं असेल, तर राहण्याचा हक्क जात नाही. घरात मारहाण झाली असेल तर ही अट नसतानाही हक्क राखता येतो. मात्र पुढे स्वतःची नोकरी किंवा उत्पन्न दाखवावं लागतं, म्हणून स्वतःचं बँक खातं आणि स्वतःचे कागद पहिल्या दिवसापासून स्वतःकडे ठेवा. बाळंतपणाला माहेरी जायचं असेल तर वर्षात सहा महिन्यांपर्यंतची गैरहजेरी चालते, आणि गरोदरपण किंवा प्रसूतीसारख्या मोठ्या कारणासाठी एकदा सलग बारा महिन्यांपर्यंत. पाच वर्षं सलग झाली की कायम निवासाचा हक्क मिळतो.

हे सगळं सहज मिळालेलं नाही. १९९२ च्या सुरिंदर सिंग खटल्यात एक भारतीय नवरा होता, त्याची बायको ब्रिटिश. दोघं जर्मनीत काम करून ब्रिटनला परतले आणि तिथे त्याच्या राहण्यावर वाद झाला. युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की दुसऱ्या देशात काम करून परतणाऱ्या नागरिकाच्या जोडीदारालाही संरक्षण आहे. २००८ च्या मेटॉक निकालाने आयर्लंडची एक अट रद्द केली: जोडीदार आधी दुसऱ्या युरोपीय देशात कायदेशीर राहिलेला असायला हवा, ही. भारतातून थेट आलेल्या माझ्यासारखीला त्याचा फायदा रोज मिळतो.

आईवडिलांविषयी सगळे विचारतात. नागरिकाचे आणि त्याच्या जोडीदाराचेही आईवडील यात येतात, पण ते आपल्यावर अवलंबून असले पाहिजेत, आणि ते अवलंबित्व ते राहतात त्या देशातच सिद्ध करावं लागतं. माझ्या आईला बाबांची कौटुंबिक पेन्शन आहे, तिचं घर त्यावर चालतं, म्हणून तिच्यासाठी आम्ही हा मार्ग धरला नाही. ती नेहमीच्या व्हिजिट व्हिसावर येईल, ९० युरो आणि विमा भरून. सासूबाईंचं वेगळं. त्यांचा पासपोर्ट भारतीय, स्वतःचं उत्पन्न नाही, घरखर्च आणि औषधं नवऱ्याच्या पैशातून चालतात. तो कित्येक वर्षं दरमहा बँकेतूनच पाठवतो आहे, त्यामुळे पावत्या सलग आहेत. डॉक्टरांची बिलं आणि वीजबिलं मी लावून ठेवली आहेत, त्यांच्या जन्मदाखल्यावर अपोस्टिल झालं की फाइल लावणार.