जुना कोअर २ ड्युओ आणि वायरगार्ड: आठ महिन्यांनंतर

माझा डेस्कटॉप कोअर २ ड्युओचा, रॅम २ जीबी. त्यावर अँटिएक्स २३ ही हलकी लिनक्स आहे. माझ्या सर्व्हरला जोडायला आधी ओपनव्हीपीएन हे व्हीपीएन (एन्क्रिप्ट केलेलं खासगी कनेक्शन) होतं. चालायचं, पण मोठी फाइल उतरवायला लावली की टॉप या कमांडमध्ये (कोण किती प्रोसेसर वापरतंय ते दाखवते) ते एक कोअर अख्खा खाताना दिसायचं आणि ब्राउझर अडखळायचा. या प्रोसेसरमध्ये एईएस-एनआय (एईएस एन्क्रिप्शनसाठीची हार्डवेअरची सोय) नाही, त्यामुळे एईएसचं सगळं गणित सॉफ्टवेअरलाच करावं लागतं. शिवाय प्रत्येक पॅकेट कर्नलमधून (लिनक्सचा गाभा) यूजरस्पेसमध्ये (साधे प्रोग्रॅम चालतात तिथे) जाऊन परत येतं.

मग वायरगार्ड या दुसऱ्या व्हीपीएनकडे वळलो. ते एन्क्रिप्शनसाठी चाचा२० वापरतं, जे अशा प्रोसेसरवरही हलकं चालतं. २०२० सालच्या ५.६ कर्नलपासून ते कर्नलमध्येच आहे, म्हणून मला फक्त वायरगार्ड-टूल्स पॅकेज टाकावं लागलं. दहाएक ओळींची कॉन्फिग फाइल, तिला ६०० परवानगी (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी), झालं. डीएनएसची (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) ओळ लिहिल्यावर ती सेटिंग लावणारा रिझॉल्व्हकॉन्फ हा प्रोग्रॅम नाही म्हणून अडलं, तेही टाकलं. आता डाउनलोड चालू असताना मी निवांत दुसरं काम करतो. या मशीनला त्याने खरंच नवं आयुष्य दिलं.

तिसऱ्या महिन्यात मात्र एका सकाळी टनेल (वायरगार्डचं सर्व्हरशी कनेक्शन) उठेना. एररसुद्धा नाही. वायरगार्डची स्थिती दाखवणाऱ्या 'डब्ल्यूजी शो' कमांडमध्ये हँडशेकची (दोन्ही बाजूंची सुरुवातीची ओळख) ओळच गायब, मिळालेले बाइट शून्य, पाठवलेले मात्र दर पाच सेकंदांनी १४८ने वाढताहेत. म्हणजे हँडशेकची मागणी जातेय, उत्तर येत नाही. एन्क्रिप्शनच्या किल्ल्या तपासल्या, पोर्ट तपासला, दोन तास गेले. मग सहज कोपऱ्यातल्या घड्याळाकडे लक्ष गेलं: २००९ साल!

मी रात्री मेन स्विच बंद करतो आणि मदरबोर्डवरचा सेल संपला होता. वायरगार्डच्या पहिल्या मेसेजमध्ये टाइमस्टॅम्प असतो. कोणी जुना मेसेज पकडून पुन्हा पाठवू नये म्हणून सर्व्हर आधीच्यापेक्षा जुना टाइमस्टॅम्प गुपचूप टाकून देतो. आणि माझं सगळं ट्रॅफिक टनेलमधूनच जात असल्यामुळे एनटीपीलाही (इंटरनेटवरून घड्याळ जुळवणारी सेवा) वेळ आणता येईना. घड्याळ चुकलंय म्हणून टनेल नाही, टनेल नाही म्हणून घड्याळ सुधारत नाही. डेट कमांडने हाताने वेळ लावली आणि पुढच्याच हँडशेकला जोडलं गेलं. नंतर सीआर२०३२ सेल बदलला, त्यानंतर एकदाही त्रास नाही. जुन्या मशीनवर हे करणार असाल तर सेल आधी बदला, बाकीचं मग.

काही साइट्स अर्धवट उघडून लटकायच्या, एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये) १४२०वरून १३८० केल्यावर ते थांबलं.

ओपनव्हीपीएन मी काढलेलं नाही. वायरगार्ड फक्त यूडीपीवर (पॅकेट पाठवण्याची एक पद्धत, दुसरी टीसीपी) चालतं आणि काही नेटवर्कवर यूडीपी बंदच असतं. तिथे टीसीपी ४४३ या सुरक्षित वेबसाइट्सच्या पोर्टवरचं ओपनव्हीपीएन अजूनही उपयोगी पडतं, हळू का होईना.